३.४ माग आणि पाळत : स्थाननिश्चिती तंत्रज्ञानाचे नैतिक प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार. याच नागझिऱ्यातला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१६ मध्ये तिचे संकेत थांबले आणि जय पुन्हा दिसला नाही. वाघाच्या अशा शोधाला आपण ‘माग काढणे’ म्हणतो, ‘पाळत ठेवणे’ म्हणत नाही. माग चोराचाही काढतात. पण तो चोरी झाल्यावर. पाळत मात्र काही घडण्यापूर्वीच सुरू होते आणि तिच्यात संशय गृहीत असतो.

नागपूर महानगरपालिकेने सुमारे ८,००० सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली आणि त्यांची हजेरी व वेतन नेमून दिलेल्या हद्दीतील उपस्थितीशी जोडले. हजेरीपटावर नाव एकाचे आणि झाडू दुसऱ्याच्या हाती, हा प्रकार थांबवण्याचा हेतू गैर म्हणता येणार नाही. परंतु स्थान म्हणजे काम नव्हे. पाणी पिण्यासाठी वा शौचासाठी हद्दीबाहेर गेलेली स्त्री या नोंदीत गैरहजर ठरू शकते. हद्दीतच झाडाखाली बसून राहिलेला हजर ठरतो. कामगाराची संमती होती, असेही सांगता येईल. मात्र नकाराची किंमत रोजीरोटी असेल, तर त्या होकाराला संमती म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूला साजेसे प्रमाण हवे. हजेरीसाठी कामाच्या आरंभीची व अखेरची नोंद पुरत असेल, तर मिनिटामिनिटाची नोंद या तिसऱ्या कसोटीवर उतरत नाही.

जंगलातही माग आणि पाळत यांची सरमिसळ होते. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत सरपण आणणाऱ्या बायकाही टिपल्या जातात. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसराविषयी केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जनावरांना चाहूल लागावी म्हणून तेथील बायका रानात मोठ्याने बोलत, गात. कॅमेरे आल्यावर त्या गप्प राहू लागल्या. साहजिकच वाघाशी अवचित गाठ पडण्याचा धोका वाढला. कॅमेरा लावणाऱ्यांच्या दृष्टीने तो मागच होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या गावात वा कामाच्या ठिकाणी आपल्या स्थानाची नोंद कोण ठेवते? ती आपल्याला पाहता येते का? तिला आपण ‘माग’ म्हणाल की ‘पाळत’, ते सकारण लिहा.