टोकियोची दिवाळी जानेवारीत असते

वर्षअखेरीला टोकियोला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या ट्रॅव्हल एजंटचं पालुपद एकच होतं, ‘पीक सीझन आहे, मॅडम.’ विमानाचे आणि हॉटेलचे दर बघता ते पटतही होतं. पण हा सीझन पाहुण्यांचा नाही, घरच्यांचा असतो, हे समजलं टोकियोतल्या निशी-कासाईत राहणाऱ्या माझ्या भाचेसुनेकडून. ती म्हणाली, “मामी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणी पुण्यात उतरलं आणि दुकानं बंद का म्हणून विचारायला लागलं, तर आपण काय सांगणार? इथे जानेवारीत तेच असतं.”

जपानने 1873 साली इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं आणि जुनं नववर्ष 1 जानेवारीवर आणून बसवलं. त्यामुळे आपल्याला जी ‘थर्टी फर्स्टची पार्टी’ वाटते, ती तिथे घर झाडूनपुसून, गावी जाऊन, आईवडिलांसोबत घालवायची रात्र असते. सरकारी कचेऱ्या 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद, बँका 31 ते 3. व्हिसाचं काम करणारी जपानी कचेरीही याच सुमारास सुट्टीवर जाते, तेव्हा अर्ज आधीच द्यावा.

ख्रिसमसची गोष्ट निराळी. 25 डिसेंबरला तिथे सुट्टीसुद्धा नसते. जोडप्यांनी फिरायचं, स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक कापायचा, आधीच ऑर्डर दिलेलं तळलेलं चिकन घरी न्यायचं, झाला सण. रोषणाई मात्र बघण्यासारखी. रोप्पोंगीतल्या केयाकीझाका रस्त्यावरचे दिवे 25 तारखेला उतरतात, मारुनोउचीतले फेब्रुवारीपर्यंत राहतात. 25च्या रात्री उशिरा आमच्या हॉटेलच्या लॉबीत दोन कामगार ख्रिसमस ट्री उतरवत होते. एक जण दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर अशी गुंडाळत होता, की एकही वेढा दुसऱ्यावर चढू नये. दुसरा दाराशी नववर्षाचं कादोमात्सु मांडत होता: तिरके छाटलेले तीन हिरवेगार बांबू, भोवती पाईनच्या डहाळ्या. सकाळी नाश्त्याला आलो तर सांताक्लॉजचा मागमूस नाही.

एजंटच्या छापील कार्यक्रमात 30 तारखेला शिंजुकु ग्योएन बाग होती आणि 1 तारखेला त्सुकिजीचा बाजार. ग्योएन 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद असते. गुडघेदुखीच्या सासूबाईंना घेऊन आम्ही फाटकापर्यंत गेलो आणि पाटी वाचून परतलो. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार वर्षअखेरीच्या खरेदीने तुडुंब भरतो आणि 1 तारखेपासून काही दिवस सुनासुना होतो. शिंजुकुतल्या महानगरपालिकेच्या इमारतीतली पंचेचाळिसाव्या मजल्यावरची गच्ची फुकट म्हणून सगळे सुचवतात. तीही या दिवसांत बहुतेक बंदच असते. म्हणून छापील कार्यक्रमावर विसंबू नका. प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे ‘नेन्मात्सु-नेन्शी’, म्हणजे वर्षअखेर-वर्षारंभ, हे शब्द जपानीत टाकून त्या वर्षीच्या तारखा स्वतः बघा. भाषांतराचं अ‍ॅप त्यासाठी पुरतं.

30-31ला बाहेर पडायचंच तर उएनोजवळच्या आमेयोको बाजारात जा. रेल्वेच्या पुलाखालून जाणारी ही गल्ली, खेकडे, ट्यूना आणि माशांच्या अंड्यांच्या ढिगांनी भरलेली. विक्रेते घसा बसेपर्यंत भाव पुकारतात आणि संध्याकाळ होईल तसे भाव पाडत जातात. शांत, शिस्तीच्या जपानची जी कल्पना आपण बांधून नेतो, ती या गल्लीत पाच मिनिटंही टिकत नाही. मासळीच्या वासाचं वावडं असेल तर मात्र नाक दाबून लांबूनच बघावं.

आता जेवणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. 31च्या संध्याकाळपासून लहान खानावळी झपाझप बंद होतात. त्या रात्री सोबा नूडल्स खायची रीत आहे. शाकाहारी माणसाने भाज्यांचा सोबा मागितला तरी त्याचा रस्सा बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. वाढणाऱ्या बाईंना ‘मांस नको’ एवढंच सांगितलं, तर त्या हसून मान डोलावतील आणि तोच रस्सा आणतील. तिथल्या हिशेबात मासा मांसात मोडत नाही. ‘माशाचा रस्साही नको’ हे वाक्य जपानीत लिहून मोबाईलमध्ये ठेवावं. टोकियो स्टेशनात तिकिटाच्या गेटांच्या आत ‘टीज तानतान’ हे रामेनचं दुकान पूर्ण वनस्पतिजन्य जेवण देतं. सणातली वेळ बघून जा. 1 तारखेला चोवीस तास उघडी असणारी किराणा-खाऊची छोटी दुकानंच वाली. तिथले उमेबोशी, म्हणजे आंबट प्लम, भरलेले भाताचे गोळे सासूबाईंना चालले, पण त्यातही कधीकधी माशाचा अर्क असतो, वेष्टण तपासावं लागतं. बाकी मेतकूट, दशम्या, चिवडा आणि खोलीतली पाण्याची किटली यांनी आमची लाज राखली. ताजी फळं, लिंबं, मिरच्या, कढीपत्ता नेऊ नका. तिकडे वनस्पतींना आरोग्य-प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थ तर मुळीच नकोत.

मध्यरात्रीच्या जल्लोषासाठी शिबुयाच्या चौकात जाऊ नका. तिथला काउंटडाउन काही वर्षांपासून बंद केलाय. रस्त्यावर रात्री दारू पिण्यालाही बंदी आहे आणि पोलीस गर्दीला थांबू देत नाहीत. त्याऐवजी देवळातल्या घंटेचे 108 टोले ऐकावेत किंवा मेइजी जिंगू या देवस्थानाला जावं. नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत तिथे तीसेक लाख लोक येतात. हजारो पावलांखाली खडीचा एकसारखा करकर आवाज, मध्येच पोलिसांच्या हातातल्या पाट्या वर होतात, सगळे थांबतात, पुन्हा सरकतात. धक्का नाही, आरडाओरडा नाही. गाभाऱ्यासमोर भलंमोठं पांढरं कापड अंथरलेलं असतं आणि मागच्या रांगांतून नाणी डोक्यांवरून उडत येऊन त्यावर पडतात. टोपी किंवा जॅकेटची हूड असलेली बरी. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मध्यरात्री नकोच, 3 तारखेची भल्या सकाळची वेळ धरा. यामानोते ही रेल्वेलाइन 31च्या रात्रभर चालू राहते, पण बाकीच्या सगळ्या लाइन राहत नाहीत. परतीचा शेवटचा टप्पा आधीच बघून ठेवा, नाहीतर तीनच्या थंडीत टॅक्सी शोधत उभं राहावं लागेल. आणि सूर्य साडेचारला मावळतो, हे दिवसाचा कार्यक्रम आखताना विसरू नका.

1 तारखेची सकाळ मला सगळ्यात आवडली. हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखं, उंच इमारतीवरून फुजी स्पष्ट दिसतो. रस्त्यांवर माणूस नाही. 2 तारखेला सम्राट राजवाड्याच्या सज्जात येऊन लोकांना शुभेच्छा देतात, तेव्हा आवारात प्रवेश असतो. 2024 साली आदल्या दिवशी नोतोला मोठा भूकंप झाल्याने तो कार्यक्रम रद्द झाला होता. भूकंपाची सूचना देणारं अ‍ॅप मोबाईलमध्ये असू द्या.

सणाचा मोची, म्हणजे कुटलेल्या तांदळाचा गोळा, घरोघरी, दुकानोदुकानी मिळतो. तो इतका चिकट असतो, की दरवर्षी नववर्षात वृद्धांच्या घशात अडकून मृत्यू होतात आणि टोकियोचं अग्निशमन खातं आधीपासून इशारे देतं. घरच्या ज्येष्ठांना बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, पाण्याचा पेला शेजारी ठेवून द्या. दवाखाने बंद असतात, म्हणून रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीन आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर तिथे निर्बंध आहेत, गोळ्यांची पाकिटं घरीच वाचून घ्या.

क्योटोला जायचं असेल तर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनच्या नोझोमी गाड्यांमध्ये या दिवसांत आरक्षणाशिवाय बसायला मिळत नाही. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात, तेव्हाच काढावीत. गावी गेलेलं टोकियो 2 आणि 3 तारखेला एकदम परततं, म्हणून त्या दिवसांत मोठ्या बॅगा घेऊन गाडीत शिरू नका. कुरिअरवाले हॉटेलातून बॅगा उचलतात आणि पुढच्या हॉटेलात किंवा विमानतळावर पोचवतात, पण सणात एखादा दिवस जास्त लागतो. विमान 4 तारखेचं असेल तर बॅगा 2 तारखेलाच काउंटरवर द्या.