विंचूदंश आणि महाडचे संशोधन

लाल विंचू डसल्यावर वेदना कमी असल्या, तरी दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही चिन्हे धोक्याची समजावीत. विषामुळे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ही चिन्हे जगापुढे मांडली, पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरली. तालुक्याच्या गावी, ताम्हिणीपलीकडे, हे घडले! २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची चाचणी छापून आली. गोळीबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत गेली. नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८ जणांची. मंत्र-चुन्यात वेळ न दवडता रुग्णाला तडक पौडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे, लहान मुलाला तर विशेषच.