गाडीतला जन्मदोष आणि मोफत दुरुस्ती



या सदरातून आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय गाडीचा आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले. गेल्या हंगामात तोडीची तारीख सांगायला एका सभासदाच्या घरी गेलो होतो. दाराशेजारच्या तारेला वीजबिलांबरोबर गाडीच्या कंपनीचे पत्र टोचलेले दिसले. पिकअपच्या ब्रेकच्या एका भागात दोष आहे, तो विनामूल्य बदलून घ्यावा, असा मजकूर होता. पत्राला पाच महिने झाले होते. "जाहिरात असंल म्हणून ठेवलं टोचून, साहेब," आबा म्हणाले. त्याच गाडीतून त्यांची नातवंडे शाळेला जात होती.

झीज आणि दोष यांत फरक आहे. टायर गुळगुळीत झाला, ब्रेकचे लायनर संपले, ही झीज. तो खर्च आपला. पण एका बेणेमळ्यातून बेणे नेलेल्या सगळ्यांच्याच फडात काणी दिसली, तर आपण म्हणतो, खोट बेण्यातच होती. गाडीचेही तसेच. एका तुकडीतल्या गाड्यांत मुळातच खोट निघाली, की कंपनी त्या परत बोलावते. यालाच 'रिकॉल' म्हणतात.

ही खोट वरून दिसत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण घ्या. पिशवी फुगवण्यासाठी त्यात अमोनियम नायट्रेट वापरले होते. दमट हवेत खताच्या पोत्याचे काय होते, ते आपण जाणतोच. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा लागून ते द्रव्य बिघडले. मग अपघातात पिशवी फुगताना धातूची डबीच फुटू लागली व तुकडे माणसांच्या अंगात घुसले. जीव वाचवणारी वस्तूच जिवावर उठली. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख भाग परत बोलावले गेले. भारतातही काही मोटारींचे भाग बदलावे लागले. २०१७ मध्ये ताकाता दिवाळखोरीत गेली.

मग आपण काय करावे?

१) आर.सी. वरचा चासी नंबर वहीत लिहून ठेवा. त्यावरून आपली गाडी यादीत आहे का, हे डीलरकडे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर कळते.

२) जुनी गाडी घेतली असेल तर आर.सी. लगेच नावावर करा व पत्ता, मोबाईल नंबर डीलरकडे नोंदवा. नाहीतर पत्र जुन्या मालकाकडेच जाते.

३) रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर लेखी मागा. जॉबकार्ड जपून ठेवा.

४) दोष तुम्हालाच आढळला तर तोंडी सांगून थांबू नका. तारखेसह लेखी तक्रार द्या व पोच घ्या.

५) दाद लागत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी वाहन चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. दोषी गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार कंपनीला देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. पण कायदा आपल्या दारातून गाडी ओढून नेणार नाही. ती आपणच न्यायची.

गावच्या वर्कशॉपात बनवलेल्या ट्रॉलीचे मात्र पत्र कधीच येणार नाही. तिचा हूक, पिन, वेल्डिंग आणि मागचे रिफ्लेक्टर हंगामापूर्वी आपणच तपासावेत.

आबांनी दुसऱ्याच दिवशी गाडी नेली. भाग बदलून मिळाला, खर्च काही आला नाही. तुमच्याही तारेला असे पत्र असेल तर आजच काढून वाचा. वाचता येत नसेल तर गट ऑफिसात आणा, आम्ही वाचून दाखवू.