स्मृतीची व्यवस्था आणि गीताभ्यास

गीतेचे सातशे श्लोक मुखोद्गत असलेला गृहस्थही क्रोधाच्या भरात मुलावर हात उगारतो आणि त्या क्षणी सातशेंपैकी एकही श्लोक त्याच्या साहाय्यास येत नाही. पाठांतर तर चोख आहे. मग स्मृती कोठे गेली?

ज्ञान चित्तात साठलेले असणे निराळे आणि प्रसंगी ते स्मरणे निराळे. अनुभवाचा संस्कार चित्तात राहतो. परंतु त्याला जागे करणारे निमित्त मिळाल्यावाचून स्मृती उत्पन्न होत नाही, असे नैयायिक मानतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एकाग्रता, विषयांची गुंफण, अभ्यास, चिन्ह, सादृश्य, विरोध इत्यादी अनेक निमित्ते गणली आहेत. गृहिणी अंधारातही फडताळातील हळदीचा डबा अचूक काढते, कारण तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरविलेली असते. चित्ताचेही तसेच आहे.

आधुनिक मानसशास्त्राचा अनुभव याहून वेगळा नाही. अमेरिकेतील गॉर्डन बॉवर व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना ११२ शब्द वंशवृक्षाप्रमाणे मांडून दाखविले : खनिजांत धातू व पाषाण, धातूंत दुर्मिळ, सामान्य व मिश्र, याप्रमाणे. इतरांना तेच शब्द विस्कळीत दिले. पहिल्यांना दुसऱ्यांच्या सुमारे तिप्पट शब्द आठवले.

आता दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ हे श्लोक पाहावेत. विषयचिंतनापासून आसक्ती, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश अशी ती उतरंड आहे. येथील स्मृतिभ्रंश म्हणजे सर्व काही विसरणे नव्हे. शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाचा संस्कार असूनही, स्मरणाचे निमित्त समोर आले असता स्मृती न होणे, असा त्याचा आशय श्रीशंकराचार्यांनी भाष्यात उलगडला आहे. ज्या विषयाचे चिंतन नित्य चालते, त्याच्याभोवतीच चित्तातील कल्पना गोळा होतात. म्हणून क्रुद्ध मनुष्यास जुने अपमान भराभर आठवतात, उपदेश मात्र आठवत नाही.

यावर उपाय हाच की, श्लोक केवळ क्रमाने पाठ न करता विषयवार गुंफावेत. क्रोधाविषयी २.५६, २.६२-६३, ३.३७, ५.२३ व १६.२१ ही स्थळे एकत्र वाचावीत. क्रोधाचे मूळ, परिणाम, त्याचा वेग सोसण्याचे सामर्थ्य आणि क्रोधरहित पुरुषाचे लक्षण यांचा परस्परसंबंध ध्यानात घ्यावा. नंतर या गुंफणीस एक चिन्ह जोडावे : आपला आवाज चढू लागला की ५.२३ आठवायचा. रोज निजण्यापूर्वी दिवसातील एखादा प्रसंग घेऊन हा संबंध दृढ करावा. लोभ, भय, शोक यांविषयीही असेच करावे.

अठराव्या अध्यायाच्या ७३ व्या श्लोकात मोह गेल्याचे व स्मृती लाभल्याचे सांगून अर्जुन लगेच आज्ञापालनाची तयारी दर्शवितो. कर्तव्याच्या क्षणी उपस्थित होते तीच स्मृती खरी. घरात उगारलेला हात जेव्हा मध्येच थांबेल, तेव्हाच आपले पाठांतर सफल झाले असे समजावे.