सातबारा आणि मालकी हक्क

काटोल तालुक्यात संत्र्याच्या बागेचा व्यवहार ठरला की प्रथम सातबाराचा उतारा पाहण्यात येतो. ही दक्षता योग्यच होय. परंतु उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी निर्विवाद आहे, हा समज कायद्यास धरून नाही.

गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, तद्विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंदीस वजन आहे. तथापि ती अंतिम नाही. फेरफारामुळे मालकी हक्क निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. हक्क प्राप्त होतो तो खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी वा वारसा यांमुळे.

समजा, वडिलांच्या पश्चात केवळ मुलाचे नाव लागले आणि मुलीचे राहून गेले. तेवढ्याने तिचा वारसा हक्क बुडत नाही. मात्र मुलाने संपूर्ण बाग विकल्यास मुलगी आणि खरेदीदार या दोघांवरही दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ येते.

यास्तव खरेदीदाराने उताऱ्याबरोबरच जुने फेरफार व मूळ दस्तऐवज तपासावेत. वारसांनीही कलम १४९ नुसार तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी आणि सर्व वारसांची नावे लागल्याची खात्री करून घ्यावी. वेळीच झालेली अचूक नोंद पुढील पिढीचा कज्जा टाळते.