सर्दी हटत नाही? मूळ शोधा

ताईंनो, वेचणीच्या दिवसांत कुणाचं नाक बंद, कुणाचं डोकं जड. "सर्दीच तर आहे" म्हणून आपण मेडिकलमधून गोळी आणतो. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. नाक बंद, घट्ट पिवळा शेंबूड, गाल-कपाळ दुखणं, वास न येणं असा त्रास 12 आठवड्यांच्या वर चालला, तर तो जुनाट सायनस असू शकतो.

सायनस म्हणजे काय?
कपाळ, गाल आणि नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. त्यांतला चिकट स्राव बारीक वाटेने नाकात उतरतो. वाट बुजली की तो साचतो आणि त्यात जंतू वाढतात.

त्रास परत परत का होतो?

1) अ‍ॅलर्जी : शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांना खाज ही तिची खूण. आतून सूज येऊन वाट बुजते. धुऱ्यावरचं गाजरगवत, घरातली धूळ, बुरशी यांनी ती होते. कापसाची धूळ आणि चुलीतल्या पऱ्हाटीचा धूरही नाकाला त्रास देतो.

2) कमजोर प्रतिकारशक्ती : वाढलेली शुगर जंतूंशी लढायची ताकद कमी करते. 2021 मध्ये कोरोनानंतर काळी बुरशी झालेल्यांत शुगरचे रुग्ण जास्त होते. काहींच्या रक्तात जन्मतःच संरक्षक प्रथिनं कमी असतात. एखाद्या लेकराला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान वारंवार फुटतो, सायनस हटत नाही, तर डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा.

काय करायचं?
• गाजरगवत फुलायच्या आधी उपटा; हातमोजे घाला, नाक-तोंड बांधा.
• उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवा. पद्धत आधी दवाखान्यात शिकून घ्या. खारपाणपट्ट्यातलं पाणी खारटच आहे म्हणून तसंच नाकात ओढू नका.
• डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा सांगितले तितके दिवस घ्या.
• अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. अ‍ॅलर्जी त्याने जात नाही.
• शुगर तपासा.

डोळा सुजला, एकाचे दोन दिसले, नाकातून काळं आलं, तर थांबू नका. त्याच दिवशी अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठा.

बैठकीत बोला : आपल्या गटात तीन महिन्यांहून जास्त सर्दी कुणाला आहे? त्यातल्या किती जणींनी शुगर तपासली? ज्यांची राहिली, त्यांनी आशाताईंसोबत उपकेंद्रात जायचा दिवस आजच ठरवा.