हीटरचा पंखा मधूनच थांबतो

प्रश्न : थंडीत पहाटे आदिलाबादला निघालो की गाडीच्या हीटरचा पंखा मधूनच थांबतो, खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा सुरू! गॅस संपला असेल का?
– एक वाचक, बोथ

उत्तर : गॅसवर खर्च करू नका. तो एसीसाठी, हीटरला ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते. धक्क्याने पंखा फिरतो, म्हणजे मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा कनेक्टर सैल आहे. पंखा थांबला की आधी कनेक्टर हलवून पाहा, मग मोटरवर हलकी थाप मारा. बहुतेक गाड्यांत ती डॅशबोर्डखाली डावीकडे असते. थापेने फिरला तर संशय मोटरवर. (फक्त शेवटचाच स्पीड चालत असता, तर रेझिस्टर म्हटलं असतं.) कनेक्टर काळवंडलेला दिसला तर बदलाच. फ्यूज मात्र जास्त अँपिअरचा घालू नका. वायरिंग जळू शकतं.